वीस पावलं

“काय गो हेमू, दगड वेचतंस? मास्तरान शिक्षा केल्यान काय देवान?”

इंदूकाकी माळाभोवतीच्या दगडी गडग्यावर बसून पाय हलवत विचारत होती. देवळासमोरच्या माळात गवत माझ्या कमरेला लागत होतं आणि मी सकाळपासून त्यात वाकून फिरत होते. एका घमेल्यात दगड. दुसऱ्यात मागच्या जत्रेत लोकांनी टाकलेला कचरा. सोड्याच्या बाटल्यांच्या काचा, खिळे, तारेचे तुकडे आणि एक अख्खी डावी चप्पल.

“थांब थांब! माझी ती!” इंदूकाकीनं गडग्यावरून उडीच मारली. “गेल्या वर्षी जत्रेतल्या दहीकाल्याक हरवली. उजवी घराक हा अजून. बघ, देवाक माझी काळजी.”

“देवाला नाही, मला. ही उद्या मशीनखाली आली असती ना, तर सरळ तुझ्या तोंडावर बसली असती.”

“माझ्याच चपलेन माका? तुझी जीभ बघ, म्हणान तर शाळेतसून काढल्यानी तुका.”

“काढलं नाही. मी सोडली.”

“ताच ता.”

ते तेच नव्हतं, पण तेव्हा भांडायला वेळ नव्हता. चार दिवसांवर आमच्या धामणखोलची जत्रा आलेली. माळ दुसऱ्या दिवशी साफ व्हायचा होता आणि तो मी करणार होते. मी एकटी, मशीननं. अख्ख्या गावासमोर.

मशीन पप्पांची. पेट्रोलवर चालणारा ग्रास कटर. लांब दांडा, मागे इंजिन, पुढे फिरणारं डोकं, त्यामागे उडालेलं अडवणारं गार्ड, आणि हे सगळं वागवायला खांद्यावर पट्टा. पावसाळा सरला की पप्पा लोकांच्या आंब्याच्या बागांत गवताची बेणणी करायचे, दिवाळीपासून पार मोहर येईपर्यंत. त्या वर्षी गणपतीत त्यांची कंबर धरली. डॉक्टर म्हणाले, पट्टा लावा आणि सहा महिने वजन उचलू नका. त्यांनी पट्टा लावला आणि मशीन विकायला काढली.

“मी चालवते,” मी म्हटलं.

“तू?” पप्पा इतके हसले, की कंबरेतून कळ आली. “तुझा डोका कधी तापात सांगता येणा नाय. तापलेल्या डोक्याचा माणूस नि पेट्रोलची मशीन, दोघां एका खांद्यार?”

मग आत्याचं नाव निघालं. डोंबिवलीची आत्या घरी साड्यांना फॉल-बिडिंग करायची. मी जाऊन तिला मदत करायची आणि हात बसला की माझं मी बघायचं, असं सगळं ठरलं, मला न विचारता. मी तेव्हा सोळा वर्षांची. वर्गात बेचाळीस मिनिटं बसवत नाही म्हणून शाळा सोडलेली मुलगी दिवसभर खिडकीपाशी बसून सुईत दोरा ओवणार! दोन दिवस मी जेवले नाही. तिसऱ्या दिवशी जेवले आणि मशीनसोबत आलेलं पुस्तक काढलं. विज्ञानाचं पुस्तक बघितलं तरी मला जांभया यायच्या, पण हे मी सात वेळा वाचलं. चित्रं तर पाठच झाली. एका चित्रात मशीनवाला माणूस मध्ये उभा, भोवती मोठं वर्तुळ, आणि वर्तुळात घुसणाऱ्या दुसऱ्या माणसावर फुली मारलेली.

घरचं परसू कापलं, शाळेमागचं कापलं. पप्पा उंबऱ्यात बसून चुका काढायचे. चुका सापडेनाशा झाल्या तेव्हा एका संध्याकाळी म्हणाले, “जत्रेचा माळ काप. गावासमोर. नीट झाला तर मशीन तुझी. पण एक खडो जरी उडालो, हेमू, एक, तर मशीन विकतंय आणि तू डोंबिवलीक. मगे रडूचा नाय.”

“एकपण उडणार नाही.”

“माझ्या हातसून उडालो. डॉक्टरांच्या गाडीची काच गेली.”

“तुम्ही गार्ड काढून ठेवलेलं.”

“गार्डात गवत अडाकता!”

“मग मशीन बंद करायची आणि काढायचं.”

तर म्हणून दगड. दुपारपर्यंत बारा घमेली निघाली. गुडघ्याला लागली ती तार मी गडग्याच्या बाहेर भिरकावली, मोठे दगड ओळीनं कडेला रचले, पुन्हा एकदा आडवा-उभा माळ तुडवला आणि घरी गेले. त्या माळात सुपारीएवढा खडा उरलेला नव्हता. छातीवर हात ठेवून सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला सगळा गाव हजर. घरटी एक माणूस विळा घेऊन यायचा असतो, पण मशीन चालणार कळल्यावर घरटी तीन-तीन आलेले आणि विळे तेवढेच. मी निघाले ती पूर्ण तयारीत. गमबूट, जाड पँट, लांब हातांचा शर्ट, पप्पांचे हातमोजे, जाळी आणि कानांवर झाकणं असलेलं हेल्मेट. नडगीला काही लागू नये म्हणून प्लंबरचा जाड पाईप उभा चिरून दोन्ही पायांना बांधलेला.

“बाय माझे!” इंदूकाकी ओरडली. “ह्या चेडू चंद्रार चालला!”

हसून हसून लोक गडग्यावर पडले. पप्पा नाही हसले. ते दीपमाळेपाशी कंबरेचा पट्टा आवळत उभे होते. माझ्याकडे बघून त्यांनी एक बोट वर केलं. म्हणजे, एक खडा.

मग अण्णा गावकर आले. अण्णा म्हणजे आमच्या गावचे मानकरी. वय ऐंशीच्या पुढे, डोक्याला पांढरा रुमाल, हातात काठी. त्यांनी देवासमोर गाऱ्हाणं घातल्याशिवाय गावात विहीर खणली जात नाही की क्रिकेटची मॅच सुरू होत नाही. देवळाकडे तोंड करून त्यांनी हात जोडले आणि सगळे चूप झाले.

“बा देवा रवळनाथा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळा गाव.

“आज तुझी लेकरां तुझ्या माळार जमली हत म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“दिगंबर मेस्त्रीचा चेडू मशीन घेवन इला हा, तेच्या हातसून तुझी सेवा करून घे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

मीपण हेल्मेटमधून म्हटलं. अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

मशीन मी जमिनीवर ठेवली. पुढच्या डोक्यात ब्लेड नाही, नायलॉनचा जाड दोरा, तंगूस, घातलेला. बाग असती तर ब्लेड चाललं असतं, देवळाजवळ भिंत, पायऱ्या, दीपमाळ, म्हणून तंगूसच. डावा हात दांड्यावर दाबून मी दोरी ओढली. दुसऱ्या ओढीला इंजिन धरलं. पट्टा खांद्यावर घेऊन मी वर बघितलं.

सगळे पुढे आलेले. अगदी पुढे. विळ्यानं गवत कापतात तेव्हा आमच्याकडे सगळे खांद्याला खांदा लावून एका ओळीत बसतात, एकानं कापायचं, मागच्यानं गोळा करायचं, तिसऱ्यानं पेंढी बांधायची आणि चौथ्यानं गप्पा मारायच्या. तेच सगळ्यांच्या अंगात. मी उभी राहिले आणि माझ्या दोन्ही बाजूंना आपोआप ओळ लागली. इंदूकाकी दोर घेऊन माझ्या पाठीशी. तिच्या पोटाला माझ्या इंजिनची धग लागत असणार इतकी जवळ.

मी मशीन बंद केली.

“मागे व्हा.”

“झालंय,” म्हणून इंदूकाकी अर्धं पाऊल मागे झाली.

“सगळे मागे व्हा! पन्नास फूट!”

“एवढ्या लांबसून आमका दिसतला काय?” गडग्यावरून कोणीतरी म्हणालं.

पोरं मागे झाली, बायका थोड्या झाल्या. अण्णा हलले नाहीत. ते माझ्या डावीकडे, दीपमाळ आणि देवळाच्या मधे, काठी रोवून उभे. मशीनचं डोकं उजवीकडून डावीकडे हाणायचं असतं, त्यामुळे उडतं ते डावीकडेच उडतं. हे मी त्यांना नीट सांगायला हवं होतं. पण त्याआधी चार जणांना चार वेळा सांगून झालेलं आणि हेल्मेटमध्ये घाम डोळ्यांत जात होता.

“अण्णा, मरायचंय काय तिथे उभं राहून?”

गडग्यावरची माणसं खाली उतरली.

“काय म्हणालंस?” अण्णांनी विचारलं.

“हेमू!” पप्पा.

“माझो बापूस ह्याच जाग्यार उभो रवलो,” अण्णा हळू आवाजात म्हणाले, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. “तेचो बापूस पण. काम संपासर मानकरी हयसून हलणा नाय. आता माका दिगंबराचा चेडू सांगतला खंय उभो रव ता?”

“चुकला तिचा अण्णानू, लहान हा,” पप्पा म्हणाले. आणि मला, दातांतून, “माफी माग आणि काप. कापूक इलंस ना? काप!”

माझं डोकं तापलं. पप्पा म्हणायचे तसंच. कानांमागून गरम वाफ वर गेली. बरं. उभे राहा. सगळे या, मांडीवर येऊन बसा माझ्या. माफीबिफी न मागता मी दोरी ओढली, मशीन खांद्याला घेतली आणि सुरुवात केली.

आणि काय सांगू, गवत असं पडत होतं! हिरवी लाट मोडावी तसं. उजवीकडून डावीकडे, एक पाऊल पुढे, परत उजवीकडे. ओल्या गवताचा वास. लोकांची तोंडं उघडी. तीन मिनिटांत मी एका अंगणाएवढं मोकळं केलं आणि माझा राग निवत आला.

तेवढ्यात दांड्यातून हाताला एक झटका बसला. खट्. आणि लगेच

टण्ण्ण्!

कान झाकलेले असूनही ऐकू आलं. देवळाच्या मंडपातली घंटा. मोठी पितळेची घंटा, दोरीला धरून हलवल्याशिवाय कधी न वाजणारी. तिच्याजवळ कोणी नव्हतं. ती एकटी हलत होती.

मी मशीन बंद केली. घंटेचा आवाज अजून माळावर फिरत होता.

“वाजली,” कोणीतरी पुटपुटलं.

“आपणान वाजली!”

“देवान हुकूम दिल्यान!” इंदूकाकीनं दोर टाकून हात जोडले. “चेडवाक हुकूम दिल्यान देवान!”

मग जे झालं ते सांगून खरं वाटणार नाही. अख्खा गाव हात जोडून उभा. अण्णांनी काठी बगलेत धरली, रुमाल काढला, त्यांचे डोळे भरून आलेले. “पन्नास वर्षां गाऱ्हाणां घालतंय,” ते म्हणाले, “असो सरळ जवाब कधी गावलो नाय.” माझ्यावरचा त्यांचा राग कुठल्या कुठे गेला. आणि पप्पा! गणपतीपासून ते माझ्यावर खूश होऊन कधी हसले नव्हते. ते कंबर विसरून चालत आले आणि माझ्या हेल्मेटवर टपली मारून म्हणाले, “झाला. मशीन तुझी. आता मी कोण बोलणारो?”

मशीन माझी.

मी हेल्मेट काढलं. घंटेकडे बघितलं. मला लांबचं चांगलं दिसतं, वर्गात फळ्यापेक्षा खिडकीबाहेरचं जास्त दिसायचं. घंटेच्या काळपट अंगावर अगदी कडेला एक पिवळाधमक ठिपका होता. नवा.

“पाया पडून येते,” मी म्हटलं.

“जा जा, पड!” सगळे कौतुकानं म्हणाले.

मंडपाच्या लादीवर, खांबाच्या बुडाशी तो पडलेला. जांभ्या दगडाची कपची, बोटाच्या पेराएवढी. एका बाजूला निळा ऑइल पेंट. मी पाया पडल्यासारखी वाकले आणि उचलून खिशात घातली.

हो. खिशात घातली. कुणी बघितलं नव्हतं. घंटा देवानं वाजवली, मशीन माझी, डोंबिवली गेली उडत.

परत आले तर सगळे जागेवर नव्हते. आणखी पुढे आलेले. देवानंच हुकूम दिल्यावर भ्यायचं कुणाला? इंदूकाकीनं म्हशींसाठी पहिली पेंढी बांधायला घेतलेली, बरोबर मी जिथून पुढे कापणार तिथे बसून. कोणाचा तरी चार-पाच वर्षांचा मुलगा मशीनचं डोकं हातानं फिरवून बघत होता. आणि अण्णा चार पावलं अजून जवळ, रुमाल न बांधताच, उघड्या डोक्यानं. मी ते उभे होते ती जागा बघितली, माझी जागा बघितली आणि घंटा बघितली. तिन्ही एका रेषेत. कपची त्यांच्या उजव्या कानाजवळून गेलेली. वीतभर इकडे असती तर घंटा वाजली नसती.

मी खिशातून ती काढली.

“अण्णा, घंटा देवानं नाही वाजवली. मी वाजवली. ह्याच्यानं.”

कोणाला काही कळलं नाही. मला परत सांगावं लागलं. मशीनखाली दगड आला, उडाला, तुमच्या कानाजवळून गेला आणि घंटेवर बसला. तिथे खूण आहे, जाऊन बघा. दोघं-तिघं धावत जाऊन बघून आले आणि त्यांनी नुसत्या होकाराच्या माना हलवल्या.

“पण तू कालच वेचलंस ना सगळे?” इंदूकाकी म्हणाली. “मी होतंय की थंय.”

“वेचले. पण आज सकाळी परत बघितलं नाही. आणि रागात सुरू केली, तुम्ही सगळे जवळ असताना. माझीच चूक.”

हे बोलताना मी पप्पांकडे बघत नव्हते. बघायची गरज नव्हती. ते बोट मला न बघता दिसत होतं.

अण्णांनी कपची हातात घेतली. उलटी केली. डोळ्यांजवळ नेली, लांब धरली.

“ह्यो निळो रंग खंयसून इलो दगडाक?”

इंदूकाकीच्यानं राहवलं नाही. “अण्णानू, तुमच्या ओट्याचो तो. गेल्या मे महिन्यात लावलास ना, उरललो.”

आणि अण्णांचा चेहरा असा काही झाला, की तेव्हा माझा जीव टांगलेला नसता तर मी तिथेच लोळले असते.

झालं होतं असं. जत्रेत माळावर दुकानं लागतात. खाजा, भजी, बांगड्या, फुगे. चांगली जागा मिळावी म्हणून गावातली माणसं आधीच जाऊन दगड मांडून जागा अडवतात, आणि कोणाचा दगड ते कळावं म्हणून त्याला आपापला रंग फासतात. सगळ्यांना वाटतं फक्त आपल्यालाच सुचलंय. मी माळ साफ करून घरी गेले आणि संध्याकाळी गाव गुपचूप येऊन दगड ठेवून गेला. एवढा स्वच्छ माळ आयता मिळालेला!

“सुनेक भजीचा दुकान लावूचा हा,” अण्णा घसा साफ करत म्हणाले. “मीच ठेवलंय. दिवेलागणीक. चार.” मग कपचीकडे बघून त्यांना एकदम हसूच फुटलं, दात नसलेलं, खदाखदा. “मेल्यांनू, माझोच दगड माझो कान न्हेवक इलो!”

तेव्हा कुठे लोक हसले.

“आणखी कोणाचे हत?” अण्णांनी काठी आपटली. “खोटा बोलूचा नाय. देवळासमोर उभे असास.”

“माझे दोन,” इंदूकाकी. “गडग्याच्या बाजूक. हिरवे.”

“आमचे तीन.”

“माझो एकच, पण मोठो हा.”

एकेक करत गावानं सव्वीस दगड कबूल केले. मला इतका राग आला, आणि त्याच वेळी इतकं हसू आलं, की दोन्ही एकमेकांत अडकून नुसती उचकी लागली. सगळे जाऊन आपापले दगड उचलून आले, मान खाली घालून, गृहपाठ न केलेल्या पोरांसारखे. मी मागून पुन्हा आख्खा माळ तुडवला. आणखी पाच मिळाले. ते कोणीच कबूल केले नाहीत.

“आता सांग,” अण्णा मला म्हणाले. “किती लांब रवाक होया?”

“पन्नास फूट.”

“फूट माका कळणत नाय. पावलां सांग.”

“वीस. पण तुमची नाही. लांब टाकलेली.”

“दिगंबरा, तू मोज.”

पप्पा आले. माझ्याकडे न बघता मशीनपासून देवळाच्या दिशेनं पावलं टाकत गेले, मोठ्यानं मोजत, आणि विसाव्याला थांबले. जत्रेच्या रांगोळीसाठी आणलेलं फक्कीचं घमेलं अण्णांनी मागवलं आणि स्वतः वाकून, थांबत थांबत, इकडच्या गडग्यापासून तिकडच्या गडग्यापर्यंत पांढरी रेघ ओढली. रेघेच्या देवळाकडचं गवत विळ्यांनी कापायचं, मशीनच्या पलीकडचं मशीननं, आणि मधलं शेवटी, मशीन बंद झाल्यावर, विळ्यांनी. मशीन आहे तिथूनच सुरू करून देवळापासून लांब लांब न्यायची, म्हणजे अंतर वाढेल, कमी होणार नाही. हे मी सांगितलं. मग अण्णा स्वतः रेघेच्या देवळाकडे जाऊन उभे राहिले. त्यांच्या बापाच्या जागेपासून सहा पावलं मागे. हात जोडले.

“बा देवा रवळनाथा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“सकाळचा गाऱ्हाणां अर्धा रवला, ता आता पुरा करतंय म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“मशीन चालू असताना जो कोण ही रेघ वलांडीत, मगे तो मानकरी असो, नायतर म्हशीवाली असो…”

“अण्णानू!” इंदूकाकी.

“…तेका तू बघून घे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

पप्पापण म्हणाले. मी वीस पावलांवर मशीन घेऊन उभी होते, तिथून त्यांचे ओठ बघितले.

गाऱ्हाणं संपलं आणि पप्पांनी कंबरेचा पट्टा आवळला. “हेमू, मशीन खाली ठेव.”

मला माहीत होतं.

“मी शब्द दिलंय,” ते अण्णांना म्हणाले. “एक खडो उडालो तर मशीन काढून घेतलंय म्हणान. उडालो. आता उरलला गवत मी कापतंय.”

“ह्या कंबरेन?”

“कंबर मोडली तरी चलात. पण शब्द म्हणजे शब्द.”

“देवासमोर आताच व्हय म्हाराजा म्हटलंस, तो शब्द नाय?”

“मशीन चालू असताना म्हटलास तुमी, अण्णानू. मशीन बंद हा.” आणि पप्पांनी रेघेपलीकडे टाकायला पाय उचलला.

मी खाली बसले, डावा हात दांड्यावर दाबला आणि दोरी ओढली. गरम मशीन, पहिल्याच ओढीला धरली.

पप्पांचा पाय हवेत राहिला. मग सावकाश मागे गेला.

पट्टा खांद्यावर, हेल्मेट, जाळी खाली, कान बंद. मी पाठ फिरवली आणि कापत सुटले. वळताना मधेच दिसायचे. पप्पा रेघेवर उभे, तोंड उघडतंय, मिटतंय, हात वर. काय बोलत होते देव जाणे. बाजूला अण्णा काठीवर हनुवटी टेकवून, जशी काय मॅच बघतायत. मला वाटलं, माळ संपेपर्यंत थांबायचंच नाही. थांबले की संपलं. आत्या, खिडकी, सुई. एक खडाही उडाला नाही. कापलेली बाजू मागे वाढत होती आणि मी गडग्याकडे सरकत होते.

अर्धा माळ झाला आणि मशीन खोकली. एकदा, दोनदा. बंद.

पेट्रोल.

मी विसरलेच होते. ऑइल मिसळलेल्या पेट्रोलचा कॅन मीच सकाळी देवळाच्या पायरीवर ठेवलेला, सावलीत. रेघेच्या पलीकडे. मशीन बंद, देवाची अट संपली.

मी जाळी वर केली. सगळा गाव पप्पांकडे बघत होता. पप्पांनी रेघ ओलांडली. मधेच थांबले, मागे वळले, पायरीपाशी गेले, कॅन उचलला आणि परत निघाले. कापलेल्या गवतावरून, कंबर धरून, एकेक पाऊल. मला वाटलं, आता कॅन एका हातात घेतील आणि मशीन दुसऱ्यात. मी पट्टा सोडवायला लागले.

पाच पावलांवर त्यांनी कॅन खाली ठेवला.

“थंड होऊ दे आधी,” ते म्हणाले. “धा मिनटां. तापलेल्या मशीनीत पेट्रोल घालशीत तर याद राख. आणि हयसर घालू नको, सांडता. बाजूक घे.”

“पप्पा…”

“पाणी पी.” खिशातून त्यांनी पाण्याची छोटी बाटली काढून कॅनच्या शेजारी ठेवली. “आणि उजव्या हाताक कोपऱ्यात एक बुडको हा, तोडलल्या सागाचो. दिसलो काय? नाय दिसलो ना? मग कसली गो तुझी नजर? तेच्यापासून लांब काप.”

ते वळले आणि निघून गेले. रेघेवर पोचून इकडे तोंड करून उभे राहिले, कंबरेवर दोन्ही हात ठेवून. दहा मिनिटांनी मी मशीन बाजूला नेऊन पेट्रोल घातलं, झाकण आवळलं, दांडा दाबून दोरी हातात घेतली आणि एकदा सगळीकडे बघून घेतलं.

पप्पा मला बघतच नव्हते. ते शेजारी वळून मोठ्या आवाजात बोलत होते, इतक्या मोठ्या की कान झाकलेले असूनही मला माळाच्या टोकाला ऐकू आलं.

“अण्णानू, तुमचो पाय रेघेर हा. मागे घेवा.”

अण्णांनी खाली बघितलं, आणि पाय मागे घेतला. मी दोरी ओढली.